तुमच्या प्लांटबद्दल मी काय बोलले

समता कॉलोनी, रायपूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय दीपू,

सप्रेम जय भीम.

आईचं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण ऊन वर आलं की ती गच्चीत खुर्ची टाकून बसते आणि खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांची हजेरी घेते. तू पाठवलेली तिवऱ्याची पालेभाजी तिने स्वतः निवडली, स्वतः फोडणीला टाकली आणि मला फक्त ताटं घ्यायला सांगितलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू लगेच राकेशजींना स्पीकरवर घेतेस. मग मी तुझ्याशी बोलत नाही, तुझ्या घराशी बोलते.

तर बातमी अशी. वीज नियामक आयोगात सदस्याची एक जागा रिकामी झाली आहे. लोकांना वीज काय दराने द्यायची, ती कोणत्या प्लांटकडून, किती वर्षांच्या करारावर घ्यायची, हे सगळं तिथे ठरतं. मी अर्ज केला होता. मुलाखतीला माझं नाव आलं आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. अर्जात विचारलं होतं, वीज कंपनीत नोकरीला असलेलं कोणी नात्यात आहे का. मी राकेशजींचं नाव लिहिलं, बहिणीचा नवरा म्हणून. ते लपवण्यासारखं नाही, पण तुला माहीत असावं.

आईने परवा विचारलं, "तू तिथं जाऊन करशीन तरी काय?" मी तिला समजेल असं सांगितलं. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते, तेव्हा ती स्वस्त द्यायची. शेताच्या पंपांना रात्री नाही, दिवसा वीज द्यायची, म्हणजे कोणाला अंधारात बांधावर जावं लागणार नाही. प्रीपेड मीटरचं रिचार्ज संपलं तरी रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कोणाच्या घरात अंधार करायचा नाही. सरकारला कोणाला फुकट द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण त्याचा भार सरकारने आधी उचलावा, शेजाऱ्याच्या बिलात लपवू नये. आणि ठेक्यावरचा लाइनमन खांबावर चढतो त्याच्या हातमोज्यांचा खर्च कंपनीने दाखवल्याशिवाय तिचा हिशोब मंजूर करायचा नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकं सांगतलं, पण कोळशाचं नाई सांगतलं तू."

मी चहा ठेवायला उठले.

राकेशजी बुधवारी येऊन गेले, हे तुला माहीत असेलच. सोबत त्यांच्या कंपनीचे इंद्रजीत साहेब होते. चहा झाला, थोडं बोलणं झालं. बाकी विशेष काही नाही.

एक विनंती आहे. तुमच्या कॉलनीत माझ्याबद्दल इतक्यात कोणाला काही सांगू नकोस.

तुझ्या घराजवळ हल्ली राख जास्त उडते का? राकेशजी खोकत होते.

तुझी,
ताई



प्लांट कॉलनी
२७ जानेवारी

ताई,

जय भीम. मले पत्र लिहाची सवय नाही, शाळा सुटल्यापासून बहुतेक हे पहिलंच. रीना हसून राहिली मले पाहून. म्हणते, मम्मी, मौसी को व्हॉइस नोट भेज दो. पण तू लिहिलं त मी बी लिहितो.

तू सांगतलं कोणाले सांगू नको. आता काय सांगू तुले. मी नाई सांगतलं, पण इकडं सगळ्यायले माहीत झालं. इंद्रजीत साहेबायनंच सांगतलं म्हणे. परवा महिला मंडळात मी मागच्या ओळीत बसली होती, त साहेबाची मिसेस उठून आली अन् मले पुढं घेऊन गेली. दीदी मेंबर बनने वाली हैं ना, म्हणे. मले लाज बी वाटली अन् बरं बी वाटलं. खोटं कायले सांगू.

ताई, दिवाळीपासून इथं काय चाललं होतं ते मी तुले फोनवर सांगतलं नाही. हे घरात असतात ना. प्लांटचा सरकारसोबतचा पंचवीस वर्षायचा करार संपून राहिला. कंपनीनं अजून दहा वर्षं मागतले आहे. नाही भेटले त जुने युनिट बंद. अन् हे जुन्या युनिटवरच आहे, तुले माहीत आहे. चौपन्न वर्षायच्या माणसाले कोण घेते दुसरीकडं? आमच्या क्वार्टरच्या लाइनीतले दोन घरवाले त मुलायले गावाकडं पाठवून मोकळे झाले. हे जेवत नव्हते बरोबर.

तुझ्याइथून आले तेव्हापासून जेवून राहिले. मी विचारलं काय बोलली ताई, त म्हणे, चाय पिलाई, और क्या. पण चेहरा बरा होता. मी समजून घेतलं. तू आहे त आमचं टेन्शन गेलं.

पण तुझं पत्र दोनदा वाचलं. तू असं तुटक काहून लिहिलं? "बाकी विशेष काही नाही" असं तू कधी लिहीत नाही. तुले काही विशेष नसलं तरी तू चार पानं लिहितं. काही झालं का तिथं? सांगशीन मले.

राख उडते. नेहमीसारखीच. दोरीवरचे कपडे दोनदा झटकतो अन् घरात आणतो. खोकला यायले दोन वर्षांपासून आहे, सिगारेट नाही काही नाही.

आईले माहा जय भीम सांग. तिच्या गुडघ्याले महानारायण तेल पाठवतो.

तुझी
दीपू



समता कॉलोनी, रायपूर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपू,

जय भीम. काल मुलाखत झाली. तिथे मी काय बोलले हे इंद्रजीत साहेबांना आज-उद्या कळेलच, त्यांचे कान लांबवर पोचतात. त्यांच्याकडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सकाळीच लिहायला बसले. हे पत्र बिलासपूरकडे जाणारा आपला शेजारी देवीदास घेऊन निघतोय, दुपारी तुझ्या हातात देईल. एकटी असशील तेव्हा वाच.

आधी त्या बुधवारचं. तू विचारलंस ते बरोबर होतं.

ते दोघं आले तेव्हा मिठाईचा मोठा डबा घेऊन आले. इंद्रजीत साहेब बराच वेळ आईच्या गुडघ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "मैडम, कमिटी में हमारी भी थोड़ी जान-पहचान है। आपका नाम आगे बढ़ जाएगा। बस, पुराने प्लांटों को लेकर आपकी जो राय है, उसे अभी ज़रा रहने दीजिए।" मी विचारलं, माझी राय तुम्हाला कोणी सांगितली. ते हसले. मी सरकारी वीज कंपनीच्या नोकरीत असताना वीजखरेदीच्या टिपणांवर काय लिहीत असे, ते त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "चहा घ्या. माझं नाव तुम्ही पुढे ढकलू नका आणि मागेही ओढू नका." डबा परत दिला. त्यातली एक बर्फी तोवर आईच्या तोंडात गेली होती. "मले काय माहीत, तू वापस करशीन," ती नंतर म्हणाली. ते निघाले. राकेशजी जिन्यात मागे राहिले. खाली मान घालून म्हणाले, "दीदी, मेरी मत सोचिए। दीपू की सोच लीजिए।"

दीपू, मी फक्त जिन्यातला दिवा लावला. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी होकार असा अर्थ घेतला असणार, म्हणून त्यांचा चेहरा बरा दिसला. आणि म्हणूनच मी तुला "बाकी विशेष काही नाही" असं लिहिलं.

आता कालचं.

समितीत तिघं होते. मधे एक निवृत्त न्यायमूर्ती, शांत माणूस. दिवसाची वीज, मीटर, लाइनमन, सगळं विचारून झालं. मी आईला सांगितलं तेच सांगितलं, जरा इंग्रजीत. मग त्यांनीच विचारलं, करार संपलेल्या जुन्या कोळशाच्या युनिटांचं काय करावं.

मी म्हटलं, दहा वर्षं वाढवून देऊ नये. जुनं युनिट तेवढ्याच विजेला जास्त कोळसा खातं. आपण वीज घेतली नाही तरी त्याचा ठरलेला आकार लोकांच्या बिलातून जातच राहतो. दुपारी स्वस्त वीज दारात उभी असताना महागडी घेण्याची सक्ती आपण स्वतःवर दहा वर्षांसाठी का लादायची? संध्याकाळच्या गरजेपुरती फार तर दोन वर्षं द्यावीत, तोवर साठवणुकीची सोय उभी करावी आणि मग बंद करावीत. कामगारांची व्यवस्था व्हावी, असंही म्हटलं.

न्यायमूर्तींनी कागदावर पाहिलं. "आपके बहनोई ऐसे ही एक प्लांट में हैं।"

"जी."

"आप चुनी गईं तो वह मामला आपके सामने आएगा ही नहीं, आपको अलग बैठना होगा। फिर आज यह राय क्यों दे रही हैं?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही विचारलं म्हणून. दुसऱ्यांच्या प्लांटबद्दल एक मत आणि बहिणीच्या प्लांटबद्दल दुसरं, असं करायचं असेल तर मी या खुर्चीसाठी अर्जच करायला नको होता."

हे मराठीत बोलून गेले, मग हिंदीत पुन्हा सांगावं लागलं. कोणीतरी मला पाणी दिलं.

बाहेर आले आणि पायरीवरच बसले. खुर्ची जाईल म्हणून नाही. तुझं स्थळ मी पाहिलं होतं. बाबा गेल्यावर मीच राकेशजींच्या घरी जाऊन आले, आणि परत येऊन आईला सांगितलं की मुलगा साधा आहे, प्लांटची नोकरी आहे, दीपूला जन्मभर काळजी नाही. त्याच नोकरीखालची जमीन काल मी समितीपुढे काढून घ्या म्हणाले.

तू लिहिलंस की माझ्यामुळे तुझं टेन्शन गेलं. ते मी तुला परत देते आहे. याहून वाईट पत्र मी तुला कधी लिहिलं नसेल.

पण ते मला खोटं वाटत असतं तर मी तसं बोलले नसते. तू कपडे दोनदा झटकतेस. सिगारेट नाही, काही नाही, तरी दोन वर्षं खोकला, हे तूच लिहिलंस. आपल्याकडचा कोळसा निघतो, राख आपल्याकडे राहते, आणि अजून दहा वर्षं हेच चालू दे असं माझ्या तोंडून येणार नाही. अगदी तू समोर बसून सांगितलंस तरी.

राग येईल. येऊ दे. पण आईशी बोलणं बंद करू नकोस, तिचा यात काही संबंध नाही.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटणारी,
ताई



समता कॉलोनी, रायपूर
११ मे २०२५

प्रिय दीपू,

जय भीम, आणि उद्याच्या बुद्ध पौर्णिमेच्या शुभेच्छा.

तुझा मेसेज काल संध्याकाळी आला. "ऑर्डर इंग्रजीत आहे. इथं कोणाले नीट समजून नाही राहिली. सांगशीन का?" तीन महिन्यांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मंग सांग ना, बसली काहून?"

सांगते. पण आधी थोडं मागचं.

त्या जागेवर दुसऱ्याची निवड झाली. एक निवृत्त सनदी अधिकारी आहेत, माणूस वाईट नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. दोन दिवस मी स्वयंपाक बिघडवला. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "मंग आता?" मी म्हटलं, आता टेबलाच्या या बाजूने बोलायचं. तुमच्या प्लांटच्या कराराची जनसुनवाई मार्चमध्ये होती आणि तिथे कोणताही वीजग्राहक उभा राहू शकतो. माझ्याही घरी मीटर आहे.

तुम्ही कॉलनीतल्या बायका येणार हे मला माहीत नव्हतं. मी बोलून खाली बसले आणि नाव पुकारलं गेलं, दीपमाला. मला वाटलं दुसरी कोणी असेल. मग तू मागच्या रांगेतून उठलीस, तो निळा पदर खांद्यावर घट्ट लपेटून, आणि माझ्या शेजारून माझ्याकडे न बघता माईकपाशी गेलीस. लहानपणी वर्गात कविता म्हणायला उभं केलं तर रडायचीस तू.

तू काय बोललीस ते मी शब्द न शब्द सांगू शकते. "जो मैडम अभी बोलीं, वो मेरी बड़ी बहन हैं। हिसाब में वो गलत नहीं होंगी, कभी नहीं होतीं। पर उन्होंने कहा कि कामगारों की व्यवस्था हो जाए। साहब, ये 'हो जाए' कौन करेगा? बंद करना है तो पहले लिखके दो, किस आदमी का क्या होगा। ठेके वाले का भी। तब तक एक दिन भी बंद मत करो।"

मी माझ्या हातातल्या पानांकडे पाहिलं. विजेच्या दरावर माझी सहा पानं होती आणि माणसांवर एक ओळ. तीही तू पकडलीस तीच, "व्यवस्था व्हावी".

तुम्ही सगळ्या लगेच कंपनीच्या बसने निघालात, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. आयोगाच्या अध्यक्षांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं, "इस बहन के सवाल का जवाब दीजिए।" वकिलांनी इंद्रजीत साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मुदत मागितली. दहा वर्षांच्या विस्ताराचा प्रस्ताव घेऊन आलेल्या कंपनीकडे एका माणसाचंही पुढचं ठरलेलं नव्हतं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि मला उभं करून विचारलं, मला अजून काही म्हणायचं आहे का. मी म्हटलं, माझं म्हणणं तेच आहे, फक्त माझ्या बहिणीची अट त्याला जोडून घ्यावी. मी धावत बाहेर आले तोवर बस गेटच्या बाहेर पडली होती.

जयंतीला तू आली नाहीस. आईने तुझ्या वाटणीची खीर संध्याकाळपर्यंत झाकून ठेवली, मग मला खायला लावली.

आता ऑर्डर. साध्या भाषेत अशी आहे. कंपनीने दहा वर्षं मागितली, तीन मिळाली. दुपारी सूर्याची वीज असताना जुनी युनिटं कमीत कमी चालवायची, संध्याकाळी पूर्ण. आणि सहा महिन्यांच्या आत कंपनीने प्रत्येक कामगाराचं, कायम असो की ठेक्यावरचा, पुढे काय होणार ते लिहून आयोगापुढे ठेवायचं. कोणाला नव्या युनिटवर घेणार, कोणाला काय शिकवणार, कोणाला काय देऊन मोकळं करणार, सगळं. त्यावर पुन्हा जनसुनवाई होईल. हे केलं नाही तर तीन वर्षांचा करारही थांबेल. कामगारांचं लिहून देण्याचा हा भाग माझ्या म्हणण्यात नव्हता. तो तुझा आहे. ऑर्डरमध्ये तुझं नाव छापलं आहे, बाराव्या पानावर, मी आईला बोट ठेवून दाखवलं.

म्हणजे तू जिंकलीस असं नाही, आणि मीही नाही. तीन वर्षांनी ती युनिटं बंद होतील. तुला बरं वाटावं म्हणून मी वेगळं काही सांगणार नाही. तेव्हा कोणी मुदत वाढवून मागितली तर मी पुन्हा त्याच माईकपाशी उभी राहीन आणि नको म्हणेन. पुढच्या वर्षी आयोगातली आणखी एक जागा रिकामी होते आहे. तिथेही अर्ज करणार आहे आणि विचारलं तर हेच सांगणार आहे, फक्त या वेळी माणसांवर एका ओळीपेक्षा जास्त लिहिलेलं असेल.

पण कंपनी सहा महिन्यांत जे लिहून आणेल ते गोड इंग्रजीत असेल आणि त्यात पळवाटा असतील. त्या मला दिसतात. इतकी वर्षं मी तेच काम केलं. म्हणून ठरवलं आहे: पुढच्या रविवारी मी सकाळच्या बसने येते. तुझ्या लाइनीतल्या बायका, ठेकेवाल्यांच्या घरच्या, ज्यांना यायचं असेल त्यांना जमव. मी ऑर्डरचं एक-एक वाक्य वाचून हिंदीत सांगेन आणि तुमची मागणी काय हवी ते तुम्ही सांगायचं, मी फक्त लिहीन. गेटवर अडवलं तर आत यायचा हट्ट करणार नाही, बाहेरच्या पाऱ्यात, वस्तीतल्या कोणाच्या तरी अंगणात बसू.

राकेशजी माझ्याशी बोलत नाहीत, ते मला समजतं. त्यांच्यावर सक्ती करू नकोस. ते नुसते येऊन मागे बसले तरी चालेल. खोकल्यासाठी मात्र इथल्या छातीच्या डॉक्टरांकडे मी विचारून ठेवलंय. माझ्याशी न बोलतासुद्धा त्यांना तिथे जाता येईल.

रीनाला सांग, मौसीला हिंदीत उत्तर दिलं तरी चालतं, पण तिने त्या दिवशी आपल्या आईला सभागृहात ऐकायला हवं होतं.

तुझ्याविरुद्ध बोललेली, गरज पडली तर पुन्हा बोलेन अशी, आणि रविवारी तुझ्याच बाजूला बसणारी,
तुझी ताई
इरावती